अण्णांचा संसार, आनंदीबाईंचा हिशेब

धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा, म्हटलं की आपल्या भाषणांची गाडी ठरलेल्या स्थानकांवर थांबत जाते. मुरुड, पुनर्विवाह, हिंगणे, महिला विद्यापीठ, भारतरत्न. ती सगळी तुम्हाला पाठ आहेत, म्हणून मी आज सरळ त्यांच्या घरात शिरतो. अण्णांना आपण कुटुंबवत्सल म्हणतो. ते कितपत खरं, ते बघू.

१८९१ साली पहिली पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. चाकोरीतला विधुर काय करतो? एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी बघतो आणि बोहल्यावर चढतो. अण्णांनी मात्र ठरवलं, की लग्न करायचं तर विधवेशीच. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. अण्णांच्या गावाने, मुरुडकरांनी, बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलाच्या पंक्तीला बसता येईना. अण्णा गावी गेले तरी वेगळे उतरायचे. भावंडांना त्रास नको म्हणून त्यांनी हे निमूट सोसलं. त्यांचं घरच्यांवरचं प्रेम असं होतं, बोलून न दाखवणारं.

आता दुसरी बाजू. १८९६ साली विधवांसाठी आश्रम निघाला आणि काही वर्षांनी तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेज संपवून हा प्राध्यापक रोज पायी हिंगण्याला जायचा, पावसाळ्यात चिखल तुडवत. ही पायपीट आपण कौतुकाने सांगतो. पण त्या वेळी घरी कोण होतं? पगार बेताचा, त्यातलाही वाटा आश्रमाकडे. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेच्या नावे करून दिली. म्हणजे उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर बायकोपोरांच्या हाती काय, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. आनंदीबाईंनी ठेवला नाही. सुईणपण शिकून त्यांनी घराला हातभार लावला. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याबद्दलची नाराजी झाकलेली नाही. थोरांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींत असा ठसका क्वचित मिळतो. मला तर अण्णांच्या 'आत्मवृत्ता'पेक्षा हे पुस्तक जास्त आवडतं, रागावू नका.

सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढेच आहे. सनातनी घरांनी आपल्या विधवा लेकीसुना आश्रमात धाडाव्यात, म्हणून अण्णांनी तिथे पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असं धोरण ठेवलं. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचं होतं; नाहीतर मुली आल्याच नसत्या. पण ज्या बाईने पुनर्विवाह करून सगळा छळ सोसला, तिलाच नवऱ्याच्या आश्रमात परकेपणा वाट्याला आला. तिची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र आश्रमाचा आधारस्तंभ झाली आणि निधीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एकाच घरातल्या दोघी बहिणी. एकीला आश्रमात मान, दुसरीला उंबऱ्याबाहेरची जागा.

मग अण्णा कुटुंबवत्सल नव्हते का? माझं म्हणणं तसं नाही. मुलांकडे बघा. रघुनाथरावांनी संततिनियमनाचं काम हाती घेतलं, त्यापायी नोकरी गमावली, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि त्यांच्या पत्नी म्हणजे 'युगान्त' लिहिणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेतच राबले. चौघांच्या चार वाटा. धाकात वाढलेली मुलं अशी चार दिशांना जात नाहीत. शिवाय विद्यापीठासाठी वणवण करून सत्तरी ओलांडलेला हा माणूस जगभर हिंडला, तेव्हा आफ्रिकेत मुलाकडेही राहिला.

एवढंच म्हणतो, की अण्णांच्या त्यागाचा अर्धा खर्च आनंदीबाईंच्या खात्यावर पडला होता, आणि त्यांना तो विचारून टाकलेला नव्हता. पुढे संस्थेसाठी वर्गणी मागत त्याही फिरल्या, हे विशेष. १९५० साली त्या गेल्या. भारतरत्न १९५८ साली आलं, तेव्हा अण्णा शंभर वर्षांचे होते.

आता तुम्ही बोला. ज्यांना माझं पटलेलं नाही त्यांनी आधी.