घुमटाचे घर आणि लेव्ही कुटुंब

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे उलटून पाहिले, तर बहुधा त्यावर एक घुमटाचे घर दिसते. ते व्हर्जिनियातील मॉंटिचेलो. तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी स्वतः आराखडे काढून ते डोंगरमाथ्यावर बांधले. ते आज उभे आहे याचे मोठे श्रेय एका ज्यू कुटुंबाचे आहे.

1826 मध्ये जेफरसन वारले तेव्हा त्यांच्यावर लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज होते, आणि वारसांना घर विकावे लागले. 1834 मध्ये नौदल अधिकारी युरायाह लेव्ही यांनी या दुर्लक्षित वास्तूच्या खरेदीचा करार केला. नौदलात ज्यू म्हणून त्यांची हेटाळणी झाली होती. संपूर्ण कारकिर्दीत सहा वेळा त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले चालले. धर्मावरून कोणाचा नागरी हक्क हिरावला जाऊ नये, असा कायदा व्हर्जिनियासाठी लिहिणाऱ्या जेफरसन यांच्याविषयी अशा माणसाला नितांत आदर वाटावा, हे मला फार स्वाभाविक वाटते. मात्र जेफरसन यांच्याप्रमाणेच लेव्हींच्या काळातही तेथे गुलाम राबत होते, हेही सांगितलेच पाहिजे.

1862 मध्ये युरायाह वारले. मृत्युपत्राने त्यांनी ही मालमत्ता राष्ट्राला दिली होती. पण यादवी युद्ध आणि वारसांचे खटले यांत सतरा वर्षे गेली. एवढ्या काळात छप्पर गळू लागले, खिडक्या फुटल्या, तळघरात गुरे बांधली गेली आणि जेफरसन यांच्या दिवाणखान्यातील लाकडी नक्षीच्या जमिनीवर धान्य पाखडले गेले. अखेर 1879 मध्ये पुतणे जेफरसन मन्रो लेव्ही यांनी 10,050 डॉलरला घर घेतले, त्याची डागडुजी केली आणि विखुरलेले मूळ सामान शोधून परत आणण्याची खटपट केली. पुढे हे घर सरकारने ताब्यात घ्यावे अशी मोहीम उठली, तेव्हा त्यांना बोलणीही खावी लागली. 1923 मध्ये त्यांनी ते एका स्मारक संस्थेला पाच लाख डॉलरला विकले. तोवर लेव्ही कुटुंबाने ते एकोणनव्वद वर्षे सांभाळले होते.

युरायाह यांच्या आई रेचल 1839 मध्ये तेथेच वारल्या. घराजवळच्या मलबेरी रो या वाटेच्या कडेला त्यांची कबर आहे. कित्येक दशके पर्यटक तिच्यावरून नजर न टाकताच पुढे जात. 1985 मध्ये ती कबर नीट करण्यात आली आणि युरायाह व त्यांच्या पुतण्याने हे घर राखले, अशी नोंद असलेला फलक तेथे बसवण्यात आला.