विंचेस्टरचा पाणबुड्या

नमस्कार श्रोतेहो.

लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या आईबाबांना एक दिवस हमखास मोकळा मिळतो. मुलं कामावर गेलेली, घरातलं आवरून झालेलं. तो दिवस विंचेस्टरला द्या. वॉटर्लू स्टेशनवरून थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. साठी उलटली असेल तर स्टेशनवर पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढा. ते वर्षभर चालतं आणि तिकीट एक तृतीयांशाने उतरतं. मात्र लंडनच्या आसपास ते कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी चालत नाही. म्हणून नाश्ता करून, साडेनऊ-दहानंतर निघा. पुन्हा सांगतो, साठीच्या पुढचे असाल तर पासपोर्ट सोबत घ्या आणि गर्दी ओसरल्यावर निघा.

आल्फ्रेड राजाच्या वेसेक्स या जुन्या राज्याची ही राजधानी. गाव उतारावर वसलंय. वर स्टेशन, खाली इचेन नदी. म्हणजे जाताना सगळं उतरत जायचं, दम लागत नाही. स्टेशनवरून दहा मिनिटांवर ग्रेट हॉल लागतो. जुन्या किल्ल्याचा एवढाच भाग आता उभा आहे. भिंतीवर साडेपाच मीटर व्यासाचं ओक लाकडाचं गोल मेज टांगलंय, वजन सुमारे 1200 किलो. दंतकथेतल्या आर्थर राजाचं मेज म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण लाकूड तेराव्या शतकातलं निघालं आणि रंग आठव्या हेन्रीच्या काळात चढवलेला आहे. तिथे वीस मिनिटं पुरेत. पाय आणि वेळ राखून ठेवायचा तो कॅथीड्रलसाठी, म्हणजे इथल्या मुख्य चर्चसाठी.

लोक एका दिवसात स्टोनहेंज, बाथ आणि विंचेस्टर उरकणाऱ्या बसचं तिकीट का काढतात, ते मला खरंच समजत नाही. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं प्रसाधनगृहाच्या रांगेत. एक गाव निवडा आणि त्याच्याबरोबर दिवस काढा.

कॅथीड्रलचं बांधकाम 1079 मध्ये सुरू झालं. लांबी जवळजवळ 170 मीटर. इथले संत स्विदन हे पावसाचे संत. 15 जुलैला, त्यांच्या दिवशी, पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो अशी तिथली समजूत आहे. मृग कोरडा गेला की आर्द्रेकडे डोळे लावणाऱ्या आपल्या माणसांना ही समजूत परकी वाटणार नाही. 15 जुलै ही तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. विल्यम वॉकर. नाव लक्षात ठेवा, विल्यम वॉकर, पाणबुड्या.

साल 1905. कॅथीड्रलच्या पूर्वेकडच्या भिंतींना मोठमोठे तडे गेले होते, भिंती कलल्या होत्या, दगडाचे तुकडे गळू लागले होते. वास्तुतज्ज्ञ टॉमस जॅक्सन यांनी इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांना बोलावलं. पायाशेजारी खणून पाहिलं, तेव्हा रोगाचं मूळ सापडलं. तेराव्या शतकात पूर्वेकडचा भाग वाढवला, तेव्हा खणताना पाणी लागलं. गवंड्यांनी बीच झाडाचे ओंडके आडवे टाकले आणि त्यावरच भिंत चढवली. ओंडक्यांखाली होतं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजासारखी दबणारी माती. पीटखाली खडीचा घट्ट थर, पण तो पाण्याने भरलेला. सातशे वर्षं ही भिंत स्पंजावर उभी होती आणि स्पंज हळूहळू दबत होता.

तुम्ही म्हणाल, पंप लावायचा, पाणी उपसायचं, पाया नवा घालायचा. इथेच अडचण होती. पाणी जोरात उपसलं की त्याच्याबरोबर बारीक माती ओढली जाते, भिंतीखाली पोकळी होते आणि आज कललेली भिंत उद्या कोसळते. पाणी तर काढता येत नाही आणि पाण्यात गवंडी काम करू शकत नाही. फॉक्सनी मार्ग काढला, गवंडी नाही तर पाणबुड्या उतरवायचा.

एप्रिल 1906 मध्ये वॉकर पहिल्यांदा खाली उतरले. भिंतीखाली अरुंद चर खणायचे, जागोजाग, मिळून 235. काही ठिकाणी खोली सहा मीटरपर्यंत. चर पाण्याने भरायचा, आणि पाणी गाळाने इतकं गढूळ व्हायचं की दिवा नेऊनही उपयोग नव्हता. माणूस पूर्ण अंधारात, नुसत्या हाताच्या स्पर्शावर काम करत होता. अंगावर पाणबुड्याचा पोशाख, धातूचं शिरस्त्राण, पायात शिशाचे जड बूट, सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास. वर माणसं हवेचा पंप मारत असायची. त्या नळीतून येईल तेवढीच हवा.

खाली काय करायचं? उरलेलं पीट काढून खडीपर्यंत पोचायचं. मग वरून सोडलेली काँक्रीटची पोती खडीवर शेजारी-शेजारी रचायची, चाचपडत. पोतं सुरीने फाडायचं, म्हणजे काँक्रीट एकमेकांत मिसळून घट्ट होतं. त्यावर पुढचा थर. तो थर आवळला की चराचा तळ बंद झाला. आणि तळ बंद झाला की मगच पंप लावायचा, कारण आता खालून पाणीही येत नाही आणि मातीही ओढली जात नाही. चर कोरडा झाला की गवंडी उतरायचे आणि काँक्रीटचे ठोकळे, विटा रचत भिंतीच्या बुडापर्यंत नेऊन भिडवायचे. आधी तळ बंद, मग उपसा. हा क्रम उलटा झाला असता तर कॅथीड्रल पडलं असतं.

दिवसाला सहा तास पाण्यात, अशी साडेपाच वर्षं. पोशाख चढवायला-उतरवायला इतका वेळ लागायचा, की जेवायच्या सुट्टीत वॉकर नुसतं शिरस्त्राण काढून बसायचे आणि पाइप ओढायचे. आजूबाजूला शतकानुशतकांची दफनं, त्यातलं पाणी. धुराने जंतू मरतात अशी समजूत होती. शनिवार-रविवारी ते सायकलने लंडनजवळ क्रॉयडनला घरी जायचे, एका बाजूने शंभर किलोमीटरहून जास्त, असं सांगतात.

सप्टेंबर 1911 मध्ये काम संपलं. सुमारे पंचवीस हजार पोती, एक लाख पंधरा हजार ठोकळे, नऊ लाख विटा. दक्षिणेकडे बाहेरून आधाराच्या कमानी चढवल्या. पुढच्या वर्षी आभाराची प्रार्थना झाली, पाचवे जॉर्ज राजे आले, आणि दिवस निवडला तो 15 जुलै. पाण्यात उभ्या असलेल्या इमारतीचे आभार पावसाच्या संताच्या दिवशी. वॉकरना राजाकडून सन्मान मिळाला. सहा वर्षांनी, 1918 च्या ऑक्टोबरमध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते गेले. वय 49. त्याच वर्षी तीच साथ मुंबईतही घरंच्या घरं रिकामी करत होती.

आणखी एक. 1964 मध्ये कॅथीड्रलमध्ये वॉकरचा पुतळा बसवला, तो चेहरा चुकून फॉक्सचा निघाला. जुन्या फोटोत पोशाखातला मजूर कोण आणि इंजिनिअर कोण, यात गफलत झाली. 2001 मध्ये खऱ्या चेहऱ्याचा पुतळा आला. वर्षानुवर्षं चिखलात उतरलेल्या माणसाच्या नावाखाली दुसऱ्याचा चेहरा सदतीस वर्षं उभा होता, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडेही धरणाच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव असतं, पाया खणणाऱ्यांचं नसतं.

तर आत गेल्यावर सरळ पूर्व टोकाला जा. तिथले खांब आजही कललेले दिसतात. मग तळघर पाहा. हिवाळ्याच्या पावसाळी महिन्यांत तिथे पाणी भरतं, खाली उतरू देत नाहीत, कठड्यावरून बघायचं. पाण्यात शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी घडवलेला शिशाचा माणूस उभा आहे, ओंजळीत पाणी धरून त्याकडे बघत. जमलं तर पाणी भरलेलं असताना जा. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांची समाधी उत्तरेकडच्या बाजूला. मूळ दगडावर त्यांच्या लेखनाचा उल्लेखही नाही, तो 1872 च्या पितळी पाटीवर आहे. दगडी इमारत आहे, उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, त्या वेळी फिरता येत नाही. संध्याकाळची गायनासहित प्रार्थना मात्र कुणालाही मोफत ऐकता येते.

वेळ संपत आला. कॅथीड्रलमधून बाहेर पडून नदीकाठाने दक्षिणेला चाला. कुरणांतली सपाट पायवाट, अर्धा तास लागतो, पाऊस झाला असेल तर चिखल असतो. पोचाल ते सेंट क्रॉसला, बाराव्या शतकापासून वृद्धांना आसरा देणाऱ्या वास्तूपाशी. वाटसरूला पावाचा तुकडा आणि बिअरचा घोट द्यायची तिथली रीत आजही चालू आहे. बिअर नको असेल तर नुसता पाव घ्या. पण तो मागावा लागतो, आपण होऊन कुणी देत नाही. दारावरच्या खोलीत विचारा, आणि दुपारी लवकर विचारा, कारण दिवसाचा पाव संपला की संपला.