पहाटे घेतलेली नावं

श्रोतेहो, नमस्कार.

माझं बालपण भायखळ्याच्या एका चाळीत गेलं. नळाला पाणी पहाटे चारला यायचं आणि आमची आई साडेतीनला उठायची. मधला अर्धा तास ती काय करते, हे बरीच वर्षं मला ठाऊक नव्हतं. एकच खोली, आम्ही सहा माणसं. तिथं एकांत मिळायचा कुठे? आईनं तो मोरीशेजारच्या पिंपाजवळ शोधला होता. पाटावर बसून, डोक्यावर पदर घेऊन ती पुटपुटायची. एकदा झोपमोड झाली तेव्हा मी कान देऊन ऐकलं. ती नावं घेत होती. आधी आमची, मग मामाची, मग चाळीतली एकेक. त्यात वरच्या मजल्यावरचे दारू पिऊन येणारे काका होते आणि नळावर रोज आईची कळशी मागे सारणाऱ्या मावशीसुद्धा होत्या.

त्याच दिवशी नळावर मावशींनी पुन्हा कळशी सारली. आई गप्प. मी चिडून म्हटलं, "तू बोलत का नाहीस त्यांना?" आई म्हणाली, "कशी बोलू रे? पहाटेच देवाकडे तिच्या गुडघ्यांना आराम मागितलाय. आता तिलाच शिव्या घालू?"

देवाच्या सान्निध्याविषयी मी पुढे पुष्कळ प्रवचनं ऐकली. चांगली होती, पण हे एवढं सोपं करून कुणी सांगितलं नाही. देवाजवळ बसलं की माणूस हळूहळू साधू होतो, अशी आपली काहीतरी धूसर समजूत असते. प्रत्यक्षात होतं ते फार व्यवहारी. ज्याचं नाव तुम्ही पहाटे देवापुढे घेतलंय, त्याच्यावर सकाळी तोंड सोडताना जीभ अडखळते. "देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल," असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. आईचा अनुभव असा, की तो येताना एकटा येत नाही. शेजारपाजारही सोबत घेऊन येतो.

मी स्वतः चाळीस वर्षं हिशेब लिहिण्यात घालवली, त्यामुळे शुभवर्तमानातला, म्हणजे लूकनं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, माझा आवडता माणूस जक्कय. जकातदारांचा मुख्य, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. एवढंच. 'लुबाडलेले पैसे परत कर' असं येशू त्याला म्हणाल्याचं लूकनं लिहिलेलं नाही. पाहुणा घरी येतो आणि यजमान आपणहून उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. आता गंमत बघा. स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेच्या, म्हणजे यहुद्यांच्या, नियमशास्त्रात होतं. म्हणजे शंभराचे एकशेवीस दिले असते तरी जक्कयाची वही चुकती झाली असती. तो देतो चारशे. आधी पंगत, मग परतफेड, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण उलटं करू पाहतो. आधी सुधारू, मग देवासमोर जाऊ, असं म्हणत राहतो, आणि ते 'मग' राहूनच जातं.

आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलमला एक काम होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळे. रमाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, या बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची, म्हणजे यहुदी ज्यांना कमी लेखत त्या शोमरोनातल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. संस्कृत कोळून प्यालेल्या या विदुषीचा प्रश्न बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवरून निघाला होता, हे मला विसरता येत नाही. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्च १८८९ मध्ये त्यांनी आपल्या मुंबईत, चौपाटीला शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. आणि केडगावला रमाबाईंनी कृपासदन काढलं, ते फुलमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठीच.

इतकी थोर नावं घेतल्यावर माझी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वीचा रविवार. उपासनेहून परतलो. प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, झालं होतं, मन कसं हलकं होतं. सोसायटीच्या फाटकात माझ्या जागेवर कुणाची तरी स्कूटर. मी वॉचमनवर असा काही ओरडलो की दोन खिडक्या उघडल्या. तो कोकणातला पोरगा, निमूटपणे ऐकून घेतलं त्यानं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "काका, आज देवळात गेला नव्हतात का?"

तो टोमणा नव्हता, म्हणूनच लागला. सीनाय पर्वतावरून मोशे उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता, पण त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं, असं बायबलच्या निर्गम या पुस्तकात लिहिलंय. माझ्या चेहऱ्यावर तेज नव्हतं हेही मला कळलं नव्हतं. ते कळलं फाटकावरच्या माणसाला.

दुपारभर तळमळलो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशूनं डोंगरावर सांगितलंय. माझं तर अर्पण देऊनही झालं होतं. संध्याकाळी खाली गेलो. माफी मागायची सवय नसली की वाक्य घशात कसं अडकतं ते विचारू नका. तो म्हणाला, "जाऊ द्या हो काका, चहा पाठवा." मी चहा घेऊन स्वतः गेलो.

तेव्हापासून पहाटेच्या माझ्या यादीत त्याचं नाव आहे. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं, तेही आहे. आणि त्यानंही एक नेम धरलाय. रविवारी फाटकाशी पोचलो की विचारतो, "काका, आज पाळकसाहेबांनी काय सांगितलं?" पूर्वी प्रवचनात माझा डोळा लागायचा. आता लागत नाही, कारण फाटकाशी उत्तर द्यायचं असतं.