रॅलीचे प्राध्यापक राउनो आल्तोनेन

श्रोतेहो, नमस्कार.

1967 च्या माँटे कार्लो रॅलीत, म्हणजे युरोपातल्या रस्त्यांवरच्या मोटारशर्यतीत, पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत अंतर राहिलं अवघ्या 13 सेकंदांचं. जिंकली मिनी कूपर एस, जेमतेम 10 इंची चाकांची छोटी गाडी. स्टिअरिंगवर होते फिनलंडचे राउनो आल्तोनेन. शेजारी बसून रस्त्याच्या नोंदी वाचत होते हेन्री लिडन.

आल्तोनेन यांचा जन्म 1938 चा, तुर्कू शहरातला. मोटारीआधी त्यांनी वेगवान बोटी आणि मोटरसायकली शर्यतीत चालवल्या. 1962 च्या माँटे कार्लोत त्यांची मिनी उलटून पेटली आणि सहचालकानं त्यांना जळत्या गाडीतून ओढून बाहेर काढलं. तरी ते परतले. 1964 मध्ये लीएज-सोफिया-लीएज ही जीवघेणी लांब रॅली जिंकली, 1965 मध्ये ब्रिटनची आरएसी रॅली, आणि त्याच वर्षी युरोपचं विजेतेपद. 1966 च्या माँटे कार्लोत पहिल्या तीन क्रमांकांवरच्या तिन्ही मिनी हेडलाइटच्या नियमावरून बाद झाल्या. त्यात त्यांचीही होती. म्हणून 1967 चा विजय खास.

त्यांना ‘रॅलीचे प्राध्यापक’ म्हणत. कारण गाडी अशी का वागली, हे त्यांना कळून घ्यायचं असे. डाव्या पायानं ब्रेक दाबण्याचं तंत्र पाहा. मिनीची पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि वळवतातही. वळणात जास्त गॅस दिला की नाक बाहेर सरकतं. अशा वेळी उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायानं ब्रेक हलकेच लावायचा. इंजिन जोर देत असल्यानं पुढची चाकं फिरत राहतात, ब्रेक लागतो तो मुख्यतः मागच्या चाकांना. त्यांची बाजूची पकड सुटते, शेपूट बाहेर झुकतं, नाक आत वळतं. इंजिनचे फेरेही पडत नाहीत.

चूक होते ती पायाच्या सवयीमुळे. डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायचं वळण लागलेलं असतं. त्यानं पहिल्यांदा ब्रेक दाबला की गाडी गचकन थांबते. शिवाय इंजिन आणि ब्रेक एकमेकांशी भांडत असल्यानं ब्रेक तापतात आणि मोक्याच्या क्षणी कमजोर पडतात. हे तंत्र रोजच्या रस्त्यावर वापरू नये.

रोजच्या रस्त्यासाठी काय शिकवायचं? 1977 मध्ये बीएमडब्ल्यूनं चालक-प्रशिक्षण सुरू केलं आणि आल्तोनेन त्याचे मुख्य प्रशिक्षक झाले. मला त्यांचं हे काम चषकांइतकंच मोलाचं वाटतं. सुरुवात होते सीटपासून. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. हात घड्याळातल्या 9 आणि 3 वर. सीट मागे असली की पाय ताणला जातो आणि पुरा जोर ब्रेकवर पोचत नाही.

मग अचानक ब्रेक. बहुतेक जण आधी हळू दाबतात, मग घाबरून वाढवतात. तोवर अर्धं अंतर संपलेलं असतं. क्लच आणि ब्रेक एकदम, पूर्ण ताकदीनं दाबायचे. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल पायाखाली थरथरतं. नवशिके तिथंच पाय उचलतात. उचलायचा नाही. एबीएस नसेल आणि चाकं जॅम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. ब्रेक क्षणभर सैल केला तरच ती वळते.

एक हिशेब लक्षात ठेवा. कोरडा रस्ता, चांगले टायर, भानावर यायला 1 सेकंद. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी साधारण 26 मीटरमध्ये थांबते. त्याच जागी 70 नं आलेली गाडी थांबलेली नसते. तिचा वेग अजून जवळपास 60 असतो! कारण थांबण्याचा विचार करता करताच तिनं 19 मीटर ओलांडलेले असतात.

आणि नजर. घसरताना माणूस झाडाकडे बघतो, आणि हात नकळत तिकडेच वळतात. झाडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं, आणि गाडी तिकडे वळेपर्यंत नजर हलवायची नाही.