मावळतीचा धूमकेतू

[दृश्य: सोयाबीन निघालेलं वावर, पश्चिमेचं आकाश]

संध्याकाळच्या धूमकेतूसाठी कॅमेऱ्याआधी वावर निवडायचं.

काटोल नागपूरच्या पश्चिमेला आहे, उमरेड आग्नेयेला. ऑक्टोबर 2025 मध्ये लेमन धूमकेतू संध्याकाळी वायव्येकडे दिसत होता. काटोलकडून पाहताना नागपूरचा उजेड पाठीशी राहतो. उमरेडकडून मात्र तोच उजेड नेमका धूमकेतूच्या खाली येतो. पहाटे पूर्वेला उगवणाऱ्या धूमकेतूसाठी हा हिशेब उलटा होतो.

मग चंद्र. 2024 मध्ये त्सुचिनशान-अॅटलस धूमकेतू 12 ऑक्टोबरनंतर संध्याकाळच्या आकाशात आला आणि लगेच 16 तारखेला कोजागिरी. चांदण्यात त्याची फिकी शेपटी धुऊन निघाली. लेमनच्या वेळी उलट झालं. तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे 9 कोटी किलोमीटरवर आला 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या अमावस्येला. चंद्राची अडचण नव्हती. फटाक्यांच्या धुराची होती.

क्षितिजापासून 10 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, प्रकाशाला डोक्यावरच्या आकाशापेक्षा साडेपाच पट हवा ओलांडून यावं लागतं. त्यात हे मळणीचे दिवस. पश्चिमेला थ्रेशर चालू असेल किंवा कुणी कुटार पेटवलं असेल, तर ती दिशा सोडलेली बरी.

सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने शोधायला लागायचं. पूर्ण अंधार व्हायला साधारण सव्वा तास लागतो, तोवर धूमकेतूही खाली गेलेला असतो. आधी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून (10 बाय 50, म्हणजे 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची पुरते) धुरकट ठिपका शोधायचा. धूमकेतूची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (मोठा तितका फिका), 4 सांगितली, तरी त्याचा उजेड पसरलेला असतो. 4 प्रतीच्या ताऱ्यासारखा तो डोळ्यात भरत नाही. नजर किंचित बाजूला ठेवली की उमटतो.

[दृश्य: ट्रायपॉडचे पाय, काळी माती]

ओलित केलेल्या काळ्या मातीत ट्रायपॉड हळूहळू रुततो आणि शेजारून चाललं तरी हलतो. पायांखाली विटा किंवा फळीचे तुकडे ठेवायचे, किंवा सरळ धुऱ्यावरची टणक जागा घ्यायची. पण धुऱ्यावर रानडुकरांसाठी झटक्याची तार आहे का, ते उजेडातच विचारून घ्यावं. पायात बूट हवेत. घोणस अंधारात दिसत नाही.

फोकस हाताने करायचा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, ती बहुतेकदा थोडी चुकलेली असते. एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये 10 पट मोठा करून, तो बारीकात बारीक होईल तिथे रिंगला चिकटपट्टी लावायची. स्टॅबिलायझेशन बंद, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. आयएसओ 1600, छिद्र एफ 2.8.

किती सेकंद? 500 भागिले फोकल लेंथ हा जुना नियम आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तारे लांबवतो. 200 ला भागा: 50 मिमीला 4 सेकंद, 200 मिमीला 1. असे 60 फोटो सलग घ्या. चौकट उभी धरायची आणि धूमकेतूचं डोकं खालच्या बाजूला ठेवायचं, कारण शेपटी सूर्याच्या उलट दिशेला, म्हणजे वर जाते.

फोटो अचानक मऊ दिसू लागले तर समजा, लेन्सवर दव आलं. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षा जास्त थंड होते. पुसू नका: डाग पडतात आणि फोकसची रिंग हलते. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी सुरुवातीपासून लेन्सभोवती गुंडाळलेली असावी.

शेवटी झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे आणि त्याच आयएसओचे 20 काळे फोटो, तिथल्या तिथेच. घरी घेतले तर सेन्सरचं तापमान बदलतं आणि वजा करायचा गोंगाट, म्हणजे फोटोतले खोटे ठिपके, जुळत नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

दिवसाला 3 अंश सरकणारा धूमकेतू तासाला साडेसात कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जातो, म्हणजे चंद्रबिंबाचा पाव भाग. फोटो एकमेकांवर रचताना चार-पाच मिनिटांचे ताऱ्यांवर जुळवले तरी चालतात. अर्ध्या तासाचे जुळवले तर डोकं लांबुळकं होतं. डीप स्काय स्टॅकर या फोटो रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी धूमकेतूची वेगळी पद्धत आहे. पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भाच्या फोटोत डोक्यावर खूण करायची. मधल्या जागा तो वेळेवरून काढतो. म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं, नाहीतर नोंदही चुकते.

नोंदवहीत लिहायचं ते एवढं: प्रत, डोक्याभोवतीच्या कोम्याचा, म्हणजे धुरकट आवरणाचा, व्यास कलांमध्ये, शेपटीची लांबी आणि दिशा, कोणत्या दुर्बिणीतून पाहिलं, आणि जागतिक वेळ. आपले संध्याकाळचे 7 म्हणजे जागतिक वेळेचे दुपारचे दीड. पूर्ण दिवस 1 धरला तर दशांशात 0.56.