निळा पिंजरा रिकामा करताना

(दृश्य: महापे, जुलैतली दुपार. खिडकीबाहेर ढगांत बुडालेला पारसिकचा डोंगर.)

ही निळसर हिरवी भुकटी तांब्याची आहे. हिचा प्रत्येक रेणू म्हणजे आतून पोकळ पिंजरा. तांब्याचे २४ अणू जोडीजोडीने बसून १२ कोपरे होतात आणि सेंद्रिय आम्लाच्या २४ दांड्या त्याच्या कडा होतात. आतली पोकळी साधारण दीड नॅनोमीटरची.

(दृश्य: तराजू, मग फ्लास्क.)

२०० मिलिग्रॅम कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट, २२२ मिलिग्रॅम टर्ट-ब्युटिल आयसोफ्थॅलिक ॲसिड, म्हणजे दांड्यांचं ते सेंद्रिय आम्ल. दोन्ही एकेक मिलिमोल, कारण पिंजऱ्यात प्रमाणच एकास एक आहे. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात वेगवेगळं विरघळवून एकत्र करायचं, वरून मेथॅनॉल सोडलं की स्फटिक बसू लागतात.

कौतुक बहुतेक वेळा इथेच उरकतं. पण पिंजरा आत्ता डीएमएफने गच्च भरलाय, त्यात वायू शिरणार कुठून?

(दृश्य: निळ्या स्फटिकांवरचं द्रावण निथळताना.)

डीएमएफ १५३ अंशांना उकळतं, मेथॅनॉल ६५ला. म्हणून आधी अदलाबदल. जुनं निथळायचं, ताजं मेथॅनॉल घालायचं, दिवसातून दोन-तीनदा, तीन दिवस. इन्फ्रारेड वर्णपटात १६६० ते १६७० प्रति सेंटिमीटरच्या आसपास डीएमएफची रेषा उरली असेल तर आणखी एक दिवस. घाई इथेच नडते.

मग निर्वात पंप. आधी खोलीच्याच तापमानाला, नंतर हळूहळू चढवत. या पिंजऱ्यांचे नातलग मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क), म्हणजे धातू आणि सेंद्रिय दांड्यांची, खांब-तुळयांनी जोडलेली सलग इमारत. याच घराण्याला २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. पिंजरे मात्र डब्यात रचलेल्या लाडवांसारखे सुटे असतात. त्यामुळे ते द्रावकात विरघळतात, त्यांचे पातळ पडदेही ओतता येतात. पण मेथॅनॉल झपाट्याने निघालं तर ते सरकतात आणि एकमेकांच्या खिडक्या बुजवतात. रेणू धड असतो, तरीही वायू किती शोषला गेला याचा आलेख आडवाच राहतो.

(दृश्य: नळीतला रंग गडद निळा होताना. इथे निवेदन थांबू द्यावं.)

तांब्याला चिकटलेला द्रावक सुटला. त्या मोकळ्या जागेवर कार्बन डायऑक्साइड धरला जातो.

वजन आता घ्यायचं, पंपानंतर. आधी घेतलं तर मेथॅनॉलचं वजनही भुकटीच्या खात्यावर जातं आणि पृष्ठफळ कमी दिसतं. मग भुकटी किती नायट्रोजन वायू शोषते ते मोजून पृष्ठफळ काढायला नळी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. मोजणी संपेपर्यंत नळीभोवतीची पातळी ढळली तर आकडे बिघडतात.

धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडणं, मिथेन साठवणं हे सगळं याच पोकळीच्या जोरावर.

(दृश्य: नळीचं बूच काढलेलं.)

पावसाळी हवेतलं पाणी लगेच तांब्यावर बसतं. भुकटी कडेपासून पुन्हा हिरवट होतेय. वापरायची असेल तर परत पंपाला लावायची, तितक्याच सावकाश.