कातडीखालचा शेजार

(दृश्य: स्टीलचं लांब टेबल. ट्रेमध्ये चिमटे, कात्री, स्काल्पेल. हातमोजे घातलेले दोन हात.)

फॉर्मलिन, म्हणजे शव टिकवायचं औषध, आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. डोळ्यांतलं पाणी ओसरलं की टेबलावरचा कुत्रा नीट दिसायला लागतो. पाय ताठ, केस चिकटलेले. गळ्यातल्या मोठ्या रोहिणीतून त्याच्या अंगात औषध भरलंय आणि त्यामागोमाग रंगीत लॅटेक्स. रोहिण्या लाल, शिरा निळ्या. जिवंत शरीरात हे रंग इतके ठळक कधीच नसतात. शिकणाऱ्यासाठी केलेली ही सोय आहे.

पाळीव प्राण्यांची शरीररचना शिकताना कुठे कुत्र्यापासून सुरुवात होते, कुठे बैलापासून. एक प्राणी पक्का करायचा आणि पुढच्या प्रत्येकाला विचारायचं, तुझ्यात वेगळं काय? घोडा, शेळी, डुक्कर, कोंबडी याच क्रमाने येतील असं नाही, पण प्रश्न हाच असतो.

पहिला छेद कातडीला, तोही उथळ. जरा खोल गेला, तर कातडीला आतून चिकटलेला स्नायूचा पातळ थर तिच्याबरोबरच निघून येतो. अंगावर माशी बसली की गाय किंवा घोडा जागच्या जागी कातडी थरथरवतो, ती याच थराच्या जोरावर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे दिवसभर कापाकापी चालत असणार. प्रत्यक्षात बहुतेक वेळ चरबी वेचण्यात जातो. कात्रीची मिटलेली टोकं पापुद्र्यात घालायची आणि आत उघडायची, म्हणजे थर आपोआप सुटे होतात. रोहिणी, शीर आणि मज्जातंतू अनेकदा एकाच जुडीने चाललेले असतात. घाई केली की तिघांपैकी एक तुटतो, आणि परीक्षेत नेमका तोच विचारला जातो असा विद्यार्थ्यांचा ठाम समज आहे.

(दृश्य: पुढचा पाय हळूहळू धडापासून सुटतो.)

आता हा पुढचा पाय बघा. खांद्यावरचे स्नायू एकेक करून सोडवले, पाय बाजूला ओढला, काखेतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचं जाळं मोकळं केलं. पाय अख्खा हातात आला. सांधा कुठेच उघडावा लागला नाही, कारण पाय आणि धड यांच्यामध्ये हाडाचा सांधा नाहीच. माणसाच्या खांद्याला धडाशी जोडणारं गळ्याचं हाड कुत्र्यात नावापुरतं उरलंय, गाय-घोड्यात तेवढंही नाही. त्यांचं धड दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. उडी मारून पुढच्या पायांवर उतरणाऱ्या घोड्याचा दणका ही झोळी झेलते. पुस्तकातल्या चित्रात हे दिसतं, पण पाय हातात येतो तेव्हा ते पटतं.

हे ज्ञान एका दिवसात जमलेलं नाही. इटलीतल्या बोलोन्या शहराचे कार्लो रुईनी पशुवैद्य नव्हते, तरी त्यांचा घोड्याच्या शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ १५९८ मध्ये छापला गेला. पुढे १७६१ मध्ये क्लोद बुर्जला यांनी फ्रान्समधल्या ल्यों इथे पशुवैद्यकाचं विद्यालय काढलं. तेव्हाचं विच्छेदन म्हणजे कुजण्याशी शर्यत. फॉर्मल्डिहाइडने (फॉर्मलिन हे त्याचंच पाण्यातलं द्रावण) ऊती टिकतात हे फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवलं आणि ती शर्यत थांबली. याच रसायनाची नोंद आज कर्करोगकारकांमध्ये आहे. म्हणून प्रयोगशाळेत हवा खेळती हवी, हातमोजे हवेत, आणि ‘वास येतोय, चालायचंच’ ही वृत्ती अजिबात नको.

(दृश्य: गायीच्या पोटाची पोकळी, डाव्या बाजूने.)

गायीकडे आलं की खरा पसारा दिसतो. डावी बाजू उघडली की समोर फक्त कोठीपोट, म्हणजे रुमेन, गायीच्या चार पोटांपैकी सगळ्यात मोठं. मोठ्या गायीत त्यात १०० लिटरहून जास्त मावतं. आतड्यांना त्याने उजवीकडे सारलंय. डावं मूत्रपिंडही जागा सोडून मध्यरेषेच्या उजवीकडे गेलंय. इथे एकट्या अवयवाचं नाव पाठ करून भागत नाही. कोण कोणाला टेकलंय, कोणी कोणाला ढकललंय, हे बघावं लागतं. माझ्या मते हा विषय शिकायचा तो या शेजारासाठी. नावं काय, तक्त्यावरही मिळतात.

या शेजाराचं मोल जाळीपोटापाशी, म्हणजे दुसऱ्या पोटापाशी कळतं. ते कोठीपोटाच्या पुढे, थेट श्वासपटलाला टेकून असतं. आतून बघितलं तर षटकोनी घरांची जाळी. गाय चारा निवडून, चावून खात नाही. आधी गिळते, रवंथ मागाहून. चाऱ्यात तारेचा तुकडा किंवा खिळा असेल तर तोही पोटात जातो आणि जड असल्यामुळे बहुधा या जाळीत येऊन पडतो. जाळीपोट दर आकुंचनाला त्याला दाबतं. टोक पुढे सरकलं तर वाटेत पोटाची भिंत, मग श्वासपटल, आणि त्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय.

विद्यार्थी एक बोट जाळीपोटाच्या भिंतीवर ठेवतो, दुसऱ्या हाताचं हृदयाच्या आवरणावर. दोन्ही बोटं जवळजवळ भेटतात. कोपरं बाहेर काढून अवघडून उभी राहिलेली गाय, तिच्या मानेची टरारलेली शीर, छातीखालची सूज, या सगळ्याचा उलगडा या एवढ्याशा अंतरात आहे. गायीला चुंबक गिळवण्याचा उपायही त्यावरच बेतलेला: चुंबक जाळीपोटात जाऊन बसतं आणि लोखंडाला तिथेच धरून ठेवतं.

घोड्याचं सगळं उलट. जठर अंगाच्या मानाने लहान, पित्ताशय नाही, आणि जठराच्या तोंडाशी स्नायूंचा वेढा इतका घट्ट की त्याला ओकताही येत नाही. चाऱ्याचं खरं पचन मागे, मोठ्या आतड्यात होतं. हे आतडं दुमडून पोटात बसवलेलं असतं. कटीजवळच्या वळणावर त्याची रुंदी एकदम कमी होते. कोरडा चारा तुंबतो तो बरेचदा तिथेच. पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्याच्या गुदाशयात हात घालून पशुवैद्य जे चाचपतात, त्यात हे वळण असतं.

कोंबडीला टेबलावर वेळ कमी मिळतो. हा अन्यायच आहे, कारण तिच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. तिला श्वासपटल नाही. फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली, आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या थेट पंखाच्या हाडापर्यंत पोचलेल्या. छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आतबाहेर होते. म्हणून पक्ष्याची छाती मुठीत आवळून धरली तर नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो.

(दृश्य: काचेच्या कपाटात कोरडे, चकचकीत नमुने. शेजारी स्क्रीनवर फिरणारं त्रिमितीय चित्र.)

आता प्लॅस्टिनेशनचे नमुनेही असतात. गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ही पद्धत शोधली. ऊतीतलं पाणी आणि चरबी काढून तिथे पॉलिमर भरतात. वास नाही, गळती नाही. वर्षानुवर्षं वापरा. स्क्रीनवरचं चित्र तर हवं तसं फिरवता येतं, आणि एका प्राण्याचं शव वाचतं ही लहान गोष्ट नाही. दोन्ही वापरावेत. पण पापुद्रा कुठे संपला आणि मज्जातंतू कुठे लागला, हे बोटाला अजून तरी बोटानेच शिकावं लागतं. शिवाय चित्रातला प्राणी नमुनेदार असतो. शेजारच्या टेबलावरच्या कुत्र्यात रोहिणीला वेगळ्याच जागी फाटा फुटलेला निघतो, आणि तोही ठणठणीत जगलेला असतो.

मात्र टेबलावरचं शवही पूर्ण खरं बोलत नाही. फॉर्मलिनमध्ये सगळ्याचा रंग सारखाच मळकट होतो. यकृत कडक, फुप्फुस मिटलेलं, आतडी थिजलेली. इथेच थांबलेल्या विद्यार्थ्याला ताजं, मऊ, हलतं पोट ओळखू येणार नाही. म्हणून ताजे अवयव हाताळायला हवेत, आणि त्यानंतर जिवंत प्राण्यापाशी जायला हवं.

(दृश्य: गोठा. उभी गाय, डाव्या बाजूला विद्यार्थिनी.)

शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या मणक्यांखाली डावीकडे एक खळगा आहे. विद्यार्थिनी त्यात मूठ दाबून उभी राहते. मिनिटाला एक-दोनदा आतून कोठीपोट मुठीला वर उचलतं. पोटफुगीत हाच खळगा ढोलासारखा ताणतो आणि जीव वाचवायला ट्रोकार, म्हणजे वायू बाहेर काढायची अणकुचीदार नळी, इथूनच घालतात. मग ती स्टेथोस्कोप शेवटच्या बरगड्यांवर ठेवते आणि शेजारी बोटाने टिचकी मारते. इथे भद्द आवाज यायला हवा. आवाज धातूवर टिचकी मारल्यासारखा खणखणीत आला, तर उजवीकडे तळाशी असायला हवं ते चौथं पोट वायूने फुगून कोठीपोट आणि डाव्या भिंतीच्या मध्ये येऊन अडकलं असण्याची दाट शक्यता. नुकत्याच व्यायलेल्या दुधाळ गायींमध्ये हे जास्त दिसतं. गायीला उताणं लोळवून ते जागेवर आणायचं की पोट उघडून टाक्यांनी बांधायचं, हे त्यानंतर ठरवतात.